टाकीमागची शेवंती

५ सप्टेंबर

चि. धाकटीस तुझ्या दादाचे पोटभर आशीर्वाद.

आधी माणसांचं, मग मिरचीचं. तुझा गुडघा काय म्हणतो? तेल लावतेस, की बाटली फळीवर शोभेला उभी आहे? जावईबापूंचा खोकला गेला का? सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी पडतात ना? आणि कान? कानांचं विचारायला नको म्हणा, भिंतीपलीकडची भांडणं त्या अजून शब्दन् शब्द सांगत असतील. शेळीचं खूर भरलं का? हळद लावून फडकं बांधायला सांगितलं होतं, ते तिनं खाल्लं असणार. इकडचं म्हणशील तर कंबर मोडल्यापासून माझं जग खाट ते रोपांचे ट्रे एवढंच उरलंय. तुझी वहिनी ठणठणीत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतका दम तिच्यात आहे. बाकी जे झालं त्याबद्दल मी लिहीत नाही. खपली धरलेली असते, तिला नख लावू नये.

आता मिरची. ढोबळीची शेंड्याची पानं वर वळून होडीसारखी होतात, पाठीमागं चंदेरी चट्टे पडतात आणि त्यावर शाई शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात, असं तू लिहिलंस. धाकटे, हे फुलकिडे. मूर्ती लहान आणि कीर्ती महान म्हणतात ते यांच्याचबद्दल म्हटलं असेल. खात्री करायची तर पांढरा कागद घे, त्यावर एक फूल उपडं धर आणि मागून टिचकी मार. पिवळट दोऱ्याचे तुकडे कागदावर पळायला लागले, की समज.

पानातला रस ते खरवडून पितात. त्यांची अंडी पानाच्या पोटात असतात, कोष मातीत, आणि पंख फुटलेले फुलात लपतात. म्हणजे वरून औषध मारलं की जे उघड्यावर असतील तेवढेच मरणार. जावईबापूंना सांग, पंप खांद्यावर टाकण्याआधी मला कळवा.

तुझा,
दादा


१६ सप्टेंबर

ती. दादास नमस्कार.

टिचकी मारली आणि कागद चालायलाच लागला. सासूबाईंना दिसत नाही, तरी जवळ येऊन म्हणाल्या, "किती गं?" मी म्हटलं, "मोजायला थांबतायत कुठं, पळतायत."

गुडघा आहे तसाच. बाटली फळीवरच आहे, तू बरोबर ओळखलंस. सासूबाई बऱ्या आहेत. शेळीनं फडकं खाल्लं, तेही बरोबर. यांचा खोकला कमी झाला, पण जाणार कसा? तुझं पत्र यायच्या आधीच दोनदा फवारून झालं होतं. हे म्हणाले, "घराला आग लागल्यावर पत्राची वाट बघायची का?"

खारूला जाऊन येत्या नोव्हेंबरात वर्ष होईल. तू नाव काढलं नाहीस, घरातही कोणी काढत नाही. तिच्या ताटलीचा विषय निघाला तरी हे उठून मिरचीच्या शेडनेटमध्ये जातात. माझी दहा वर्षांची पोर तापानं गेली, आणि तिच्यामागं तिचं नावही गेलं. असो. किड्यांचं लिहिते म्हटलं आणि काय लिहीत बसले.

फवारल्यावर चार दिवस झाडं बरी दिसतात, मग पुन्हा तेच. सगळीकडे सारखं नाही. पाण्याच्या टाकीकडच्या ओळी जास्त वळल्यात. काय करू ते सविस्तर लिही.

तुझी,
धाकटी


२४ सप्टेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

जावईबापूंना म्हणावं, आग लागली हे खरं, पण तुम्ही पाणी ओतताय शेजारच्या घरावर. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! तेच ते औषध पुन्हा पुन्हा मारलं की जे किडे वाचतात त्यांची पोरं ते औषध पचवूनच जन्माला येतात. आणि फुलात एक बारका किडा असतो, ढेकणाच्या जातीचा, तो फुलकिडे पकडून त्यांचा रस शोषतो. तो मात्र पहिल्याच फवाऱ्यात मरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता सांगतो तसं करा. निळे चिकट कागद मिळतात, ते झाडांच्या शेंड्यांच्या जरा वर टांगा. निळ्या रंगाची यांना भूल पडते. सगळे किडे त्यानं संपणार नाहीत, पण ते कुठून येतात हे कागद सांगतील. जिथला कागद आधी काळा होईल तिथं त्यांचं माहेर. तिथंच शोध. जाळीला भोक असेल, दाराची झडप नीट लागत नसेल, आत तण माजलं असेल. फुलं येणारं कुठलंही झाड शेडनेटच्या आत किंवा दाराशी नको. अंगावरचे कपडेसुद्धा निळे नकोत, नाहीतर माणूसच त्यांची बैलगाडी होतो.

फवारणी थांबवा. निदान भर उन्हात, दारं लावून, तोंड उघडं ठेवून तरी नको. खोकला औषधाचाच आहे, दुसऱ्या कशाचा नाही.

खारूचं लिहिलंस ते वाचलं. लिहिलंस हे बरं केलंस. पण फार मनाला लावून घेऊ नकोस.

दादा


११ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार.

कागद टांगले. दाराकडचे अजून निळे आहेत. टाकीजवळचा दोन दिवसांत असा भरला की निळा होता हे सांगावं लागेल. जाळी तपासली, भोक नाही. तण मी स्वतः बसून काढलं. टाकीमागं काही नाही. फुटके क्रेट आहेत, जुना पाइप आहे, एवढंच.

एक नवीन लक्षण. पानांवर वर्तुळं उठलीत, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारखी. शेंडे तांबूस होऊन वाळतात. मिरच्याही तशाच, रंग चढायच्या जागी पिवळी कडी. तिकडच्या दोन ओळींत तरी अशी झाडं बरीच आहेत.

यांनी आता दोन औषधं एकत्र कालवायला सुरुवात केलीय. मी तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "तुझा दादा खाटेवरून शेती करतो." राग मानू नकोस. हल्ली ते असंच बोलतात, आणि फारसं बोलतही नाहीत. परवा चहाचा कप हातातून पडला. सासूबाई म्हणाल्या, "हात थरथरला ना रे? मला कपाची किणकिण आधी ऐकू आली." हे म्हणाले, "कप गरम होता."

धाकटी


१४ ऑक्टोबर

ती. दादांस नमस्कार.

हे पत्र मी लिहितोय हे हिला माहीत नाही. खाटेवरून शेती करण्याबद्दल मी जे बोललो ते तिनं कळवलं असेलच, त्याबद्दल माफ करा. माणूस हरत असला की जिभेला धार येते.

तुम्ही औषधांच्या दुकानदारांना ओळखता. याहून जालीम काही असेल तर नाव कळवा. दोन एकत्र करून पाहिली, तरी टाकीकडची बाजू हटत नाही. हे एवढं पीक हातचं गेलं तर पुढच्या हंगामाला उभं राहायचं बळ आमच्यात नाही. मी पिकाबद्दलच बोलतोय असं नाही. सकाळी उठून कुठंतरी जायला लागतं माणसाला. मला शेडनेट आहे म्हणून मी उठतो.

आणखी एक. टाकीमागं हिचे डबे आहेत. खारूनं आजारपणात दवाखान्याच्या फाटकाजवळून शेवंतीची एक काडी चोरली होती. वॉचमन मागं लागला, तर फ्रॉकच्या खिशात काडी कोंबून ती माझ्या पाठीवर चढली. अंगात ताप असताना हसत होती. घरी येऊन रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचली. त्या एका काडीच्या काड्या करकरून हिनं टाकीमागं ओळ लावलीय. बाहेर ठेवले तर शेळी शेंडे खुडते म्हणून आत. हिला वाटतं मला माहीत नाही, आणि मीही माहीत नसल्यासारखा वागतो. ती सकाळी पाणी घालते. मी संध्याकाळी घालतो. दोघांच्या पाण्यानं मुळं कुजतील अशी भीती वाटते.

फवारा उडून फुलं करपू नयेत म्हणून टाकीपाशी पोचलो की मी आधी डब्यांवर प्लास्टिक टाकतो. झालं की काढून घेतो. तिला कळत नाही.

औषधाचं नाव लवकर कळवा. फवारून आलं की डोळ्यांपुढं धुरकट होतं आणि तोंडाला पाणी सुटतं, पण तासाभरात उतरतं.

आपला,
धाकटीचा नवरा


२० ऑक्टोबर

जावईबापू,

औषधाचं नाव कळवत नाही. पंपाला हात लावू नका. डोळ्यांपुढं धुरकट, तोंडाला पाणी, हाताला कंप, ही विषबाधा आहे. तासाभरात उतरते असं तुम्हाला वाटतं, पण ती उतरत नाही, आत साचते. उद्याच्या उद्या दवाखान्यात जा आणि जाताना औषधाच्या बाटल्या सोबत न्या.

तुमच्या पत्रानं माझं कोडं सुटलं, आणि सुटलं म्हणून बरं वाटलं असं नाही. किड्यांचं माहेर ती शेवंतीच आहे. फुलकिड्यांना शेवंती म्हणजे घरदार. तुम्ही सगळं रान फवारता आणि त्यांच्या घरावर स्वतःच्या हातानं छत घालता. औषध वाळलं की तुम्ही प्लास्टिक काढता आणि ते पुन्हा बाहेर पडतात. वर ती पानांवरची कडी. तो विषाणूचा रोग आहे. शेवंतीत तो दडून बसतो, वरून कळतही नाही. किड्याचं पिल्लू रोगट झाडाचा रस पितं आणि पंख फुटले की मरेपर्यंत तो रोग वाटत फिरतं. कडी उठलेलं झाड बरं करणारं औषध कुठल्याच बाटलीत नाही.

शेवंती काढावी लागेल. काडीसुद्धा ठेवता येणार नाही. हे तिला तुम्ही सांगा. तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीही पाणी घालता, हेसुद्धा सांगा. नवराबायकोतली गोष्ट आहे, मी मध्ये शोभत नाही.

तुमचा,
दादा


३ नोव्हेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुमच्याकडून कोणाचंच पत्र नाही. जावईबापूंना मी दवाखान्यात जायला लिहिलं होतं, गेले का? गेले नसतील तर तू पाठीशी लाग, नको तिथं लाजू नकोस. सासूबाईंना म्हणावं, पंपाचा आवाज आला की आरडाओरडा करा.

आता जे लिहितोय ते लिहिताना हात जड झालाय. टाकीमागं फुटके क्रेट नाहीत. तिथं शेवंती आहे. मला कसं कळलं ते विचारू नकोस. कागद टाकीपाशी काळा होतो आणि पानांवर कडी उठतात, यावरून जो रोपांत म्हातारा झाला त्याला एवढं कळायला हवंच होतं. मलाच उशीर झाला.

धाकटे, ती शेवंती रोगट आहे. दिसायला हिरवीगार असली तरी. कळ्या उमलल्या की एकेका फुलात किड्यांचं गाव वसतं. पिशवीत घालून, तोंड बांधून, उन्हात ठेवून मग पुरायची. उपटून नुसती फेकलीस तर किडे उठून थेट मिरचीवर जातील. आणि मनाला फसवून एखादी काडी वाटीतल्या पाण्यात ठेवशील, ओळखतो मी तुला. तीही नको. त्या काडीतही तेच आहे.

कडी उठलेली मिरचीची झाडंही अशीच काढ. अजून दाराकडच्या ओळी वाचतील.

मला माहीत आहे मी काय मागतोय.

दादा


१० नोव्हेंबर

दादा,

तुला माहीत नाही तू काय मागतोयस.

दरवेळी तू सगळ्यांची खुशाली विचारतोस. माझ्या गुडघ्याची, यांच्या खोकल्याची, सासूबाईंच्या डोळ्यांची, कानांची. शेळीच्या खुराची विचारलीस! एकीची कधी विचारली नाहीस. ती मेली म्हणून तिची विचारपूस करायची नाही, असं कुठं लिहिलंय? "खपली", "मनाला लावून घेऊ नकोस". तुझ्या रोपाला मर लागली तर तू महिनाभर त्याच रोपाबद्दल बोलतोस. माझ्या पोरीबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस, आणि आता लिहिलीस ती ही.

तिचं जे काही जिवंत उरलंय ते त्या डब्यांत आहे. यांना तर पत्ताही नाही. त्यांना मिरचीपलीकडं काही दिसत नाही, बोलायला जावं तर पंप उचलतात. दवाखान्याचं म्हटलं तर म्हणतात, "त्या फाटकातून मी पुन्हा जाणार नाही." या घरात मी कोणाशी बोलते सांगू? डब्यांशी बोलते.

कळ्या आल्यात. मला पुन्हा लिहू नकोस.


१९ नोव्हेंबर

चि. धाकटे,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. मोठा भाऊ म्हणजे बिनबोलावता येणारा पाहुणा.

तू रागावलीस ते योग्यच आहे. शेवंतीचं तुझं तू ठरव. पण एक गोष्ट मी दोन्हीकडून झाकून ठेवली होती, ती आता उघडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मुठीत निखारा असला तर हातच जळतो. जावईबापूंना डब्यांचं ठाऊक आहे. पहिल्यापासून. ते संध्याकाळी पाणी घालतात. फवारताना फुलं करपू नयेत म्हणून तेच वर प्लास्टिक टाकतात. हे पत्र हातात पडताच त्यांच्यासमोर जाऊन बस आणि बोल. मिरची मरू दे. त्यांना आधी शेडनेटच्या बाहेर काढ.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण बोल.

दादा


२८ डिसेंबर

ती. दादास नमस्कार.

तुझं ते पत्र मी परवा उघडलं. तुझं अक्षर पाहून उंबऱ्यातूनच पिठाच्या डब्याखाली सरकवलं होतं. तेव्हाच उघडलं असतं तरी उपयोग नव्हता, ते ज्या दिवशी आलं त्याच्या आदल्या दिवशीच सगळं होऊन गेलं होतं. एवढं तुझ्यासाठी लिहिते, नाहीतर पत्राला उशीर झाला म्हणून तू स्वतःला खात बसशील.

तुला कडक लिहिलं, पण मनात ठरलं होतं. वर्षाचा दिवस जाऊ दे, त्या दिवशी फुलं डब्यात असू देत, मग उपटीन. थोडेच दिवस उरले होते. पहिलं फूल उमललं होतं. पिवळं, मधे जरा तांबूस.

मी नळावर कपडे धूत होते. सासूबाईंनी ओटीवरून हाक मारली, "अगं, पंपाची खटखट थांबली. पंप पुन्हा भरायलाही आला नाही तो."

मी म्हटलं, "येतील."

"नाही गं. खटखट मध्येच थांबली. पडल्यासारखी."

मी धावले. दारं लावलेली, आत वाफ, वासानं डोळ्यांत पाणी. ते टाकीमागं कुशीवर पडले होते. तोंडाला फेस, सदरा घामानं आणि औषधानं भिजलेला, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. पंप अजून पाठीवर होता. एका हातात प्लास्टिकची कड धरलेली आणि प्लास्टिक अर्ध्या डब्यांवर. दादा, मला आधी तेच दिसलं. माणूस पडलाय हे नंतर कळलं, त्याच्या हातात काय आहे ते आधी. मग मला सगळं समजलं, तुझ्या पत्राशिवाय.

त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या. "ही दोन एकत्र? बंद जागेत? तोंडाला काही न बांधता?" मी मान हलवली. दुसरं काय करणार. ते बरेच दिवस बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा ओठ हलले, मी कान नेला.

"झाकले का?"

"काय?"

"खारूचे डबे."

वर्षात पहिल्यांदा तिचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि ते तिथं, नळ्यांमधून. तो तिच्या वर्षाचाच दिवस होता.

बाहेर आले. फाटकाजवळ ती शेवंती अजून आहे. मोठं जुनं झाड, फुलांनी लगडलेलं, आणि खालच्या पानांवर तीच कडी. आता डोळ्याला सवय झाली म्हणून दिसली. वॉचमन तोच. मला वाटतं त्यानं ओळखलं, कारण तो दुसरीकडं बघायला लागला. जणू घे म्हणत होता. माझा हात पुढं गेला होता, दादा. मी तो पदरात गुंडाळून घेतला.

घरी येऊन सगळं उपटलं. आधी शेवंती, तू सांगितलंस तशी, फूल न हलवता पिशवीत. सासूबाई पिशवीचं तोंड धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "वास येतो का गं अजून? मला घेऊ दे." मी एक फूल त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी वास घेतला आणि स्वतःच पिशवीत टाकलं. "काडी ठेवली नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही." खरंच नाही ठेवली. मग मिरची. दाराकडच्या ओळींतही कडी उठली होती. एकही ओळ वाचली नाही. मातीत लोळत मी दिवसभर झाडं ओढत होते.

यांना घरी आणलं. वाटलं सुटलो. मग पंधरवड्यानं पायांना मुंग्या यायला लागल्या, आणि आता घोट्याखाली पाय लुळा पडतो, चालताना सपकन आपटतो. हाताची पकडही गेली. डॉक्टर म्हणतात अशा औषधांनी मागाहून असं होतं, थोडं भरून येईल, सगळं येईल असं नाही. पंप पुन्हा कधीच नाही. सकाळी उठून कुठं जायचं, हे त्यांना कळत नाही. तरी उठतात. ओटीवर बसून रिकाम्या शेडनेटकडं बघतात.

डबा तेवढा ठेवलाय, पहिला. माती फेकून, उकळत्या पाण्यानं धुऊन. काल ते म्हणाले, "वॉचमन मागं लागला तेव्हा ती माझ्या कानात काय म्हणाली, तुला सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "कधी सांगितलंत?" म्हणाले, "'बाबा, पळा, आपण चोर आहोत.'" आणि हसायला गेले, पण तोंड वाकडंच झालं.

शेडनेटचं काय करू ते लिही.

धाकटी


६ जानेवारी

चि. धाकटीस आणि जावईबापूंस दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीकडून दोनदा वाचून घेतलं. माझ्या डोळ्यांना धीर नव्हता. कंबर असती तर पहिल्या गाडीनं आलो असतो. नाही, म्हणून कागदावर येतोय.

तुझा गुडघा कसा आहे? एवढी ओढाताण केलीस, आता तो सूड घेईल. बाटली फळीवरून खाली काढ. जावईबापूंच्या पायाला मुंग्या अजून येतात का? येत असतील तर चांगलं समज. जिथं मुंगी चालते तिथं अजून वाट आहे. डॉक्टरांनी दाखवलेली हालचाल सकाळ-संध्याकाळ करा, जशी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतात. फरक एवढाच, आता एकमेकांसमोर करा. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी पंपाची खटखट थांबलेली ऐकली नसती तर हे पत्र मी कोणाला लिहिलं असतं? शेळीचं विचारत नाही, तिचं बरंच असणार.

शेडनेट रिकामं ठेव. एक पानही आत राहू देऊ नकोस, तण उगवलं तर त्याच दिवशी काढ. उन्हाळा आला की माती ओली करून वर प्लास्टिक अंथर आणि दारं लावून तापू दे. मातीतले कोष तेव्हा मरतील. तोवर तुम्हा दोघांना तिकडं बघत बसावं लागेल. याला माझ्याकडं उपाय नाही. नंतर रोपं मी देईन. डब्यात इतक्यात काही लावू नकोस. रिकामा असू दे.

आणि खारू.

तिची मी विचारपूस केली नाही, कारण काय विचारायचं ते मला सुचत नव्हतं. मेलेल्या माणसाची खुशाली कोणी मला शिकवली नाही. आता विचारतो. ती कशी होती? मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती रांगत होती, मग माझी कंबर मोडली. पुढची खारू मला ठाऊक नाही. बोलताना हात हलवायची का? ताटलीत काय उरवायची? आजीला काय म्हणून चिडवायची? चोरीच्या काडीला पहिलं पान फुटलं तेव्हा घरभर ओरडली, की कोणाला न सांगता एकटीच बघत बसली? जावईबापूंना विचार, त्यांच्याजवळ अजून असेल, कानात सांगितलेलं. हाताला पकड नाही तर त्यांनी सांगावं आणि तू लिहावंस. सासूबाईंना जे ऐकू आलेलं आठवतं तेही लिही.

मिरचीचं काही लिहू नकोस. फक्त तिचं लिही, पानं भरून, आणि लवकर. मी वाट बघतोय.

तुझा,
दादा